दारू उकळून उडत नाही!

“जुन्या दारूगोळा कारखान्याजवळचं बोअरचं पाणी? खळखळून उकळा, सगळं उडून जातं.” खडकीत 1869 पासून दारूगोळा कारखाना आहे, तो आजही चालू आहे, त्यामुळे पुण्यात हा विषय निघाला की असा सल्ला ठरलेलाच. उडते ती प्यायची दारू. स्फोटकांची नाही.

अशा कारखान्यातून पाण्यात येऊ शकणारं, रॉकेटच्या इंधनातलं परक्लोरेट हे रसायन पाण्यात मिठासारखं विरघळतं. उकळल्यावर पाणी आटतं, परक्लोरेट तेवढंच उरतं, म्हणजे उलट दाट होतं. ते थायरॉइडला आयोडीन घेऊ देत नाही. गरोदर बायका आणि तान्ह्या बाळांना धोका जास्त, कारण बाळाच्या मेंदूची वाढ याच ग्रंथीच्या संप्रेरकांवर चालते. तुरटी किंवा कँडल फिल्टरनं ते जात नाही. चांगल्या स्थितीतला आरओ बरंचसं अडवतो.

“कारखाना बंद झाला की जमीन आपोआप शुद्ध होते” हाही तसलाच समज. टीएनटी हे स्फोटक मातीला बऱ्यापैकी धरून राहतं, आरडीएक्स हे दुसरं स्फोटक मात्र झिरपत भूजलात जातं. अमेरिकेतल्या नेब्रास्कात 1942 साली उभारलेल्या कारखान्याचं आरडीएक्स 1980च्या दशकात कुंपणाबाहेरच्या खासगी विहिरींत सापडलं.

पाणी नितळ आहे म्हणून निर्धास्त राहू नका. नेहमीच्या तपासणीत ही रसायनं बघत नाहीत. प्रयोगशाळेत त्यांची तपासणी नाव घेऊन मागावी लागते.