भाडं थकलं आणि मुदत संपली: ताबा मागण्याच्या दोन निरनिराळ्या वाटा

घरमालकांकडून एक वाक्य मी सतत ऐकते. “चार महिन्यांचं भाडं थकलंय, नोटीस दिली, आता नव्वद दिवसांनी बाहेर काढता येईल ना?” यावर मी आधी उलट विचारते, की घरात बसलाय तो कोण? भाडेकरू की लीव्ह अँड लायसन्सवाला? बहुतेकांना हा शब्दांचा कीस वाटतो. पण पुढचं सगळं याच उत्तरावर ठरतं, आणि ते न विचारता नोटिशीचा मसुदा करून देणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

लीव्ह अँड लायसन्स बहुतेकांच्या ओळखीचं असतं. ठरावीक मुदत, डिपॉझिट, ऑनलाइन नोंदणी, अंगठा, फोटो. त्यात राहणाऱ्याला आपण बोलताना भाडेकरू म्हणतो आणि दरमहा देतो त्याला भाडं. कायद्याच्या भाषेत तो परवानाधारक आणि ते परवाना शुल्क. गिरगावातल्या चाळीत किंवा पुण्याच्या पेठेतल्या वाड्यात दोन पिढ्या राहणारा, भाडेपावती असलेला, तो भाडेकरू. दोघांनाही महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 लागू होतो, म्हणूनच घोळ होतो. एकच पुस्तक, पण भाडेकरूच्या थकबाकीसाठी कलम 15 आणि राहत्या घराच्या परवानाधारकासाठी कलम 24.

आता जिथे माणसं खरी अडखळतात तिथे येऊ. भाडेकरूच्या बाबतीत थकबाकी हे ताबा मागण्याचं कारण असतं, आणि ते कारण पैसे भरून मिटवता येतं. परवानाधारकाच्या बाबतीत कलम 24 चं कारण एकच: मुदत संपली. संपलेली मुदत पैसे भरून परत आणता येत नाही.

कलम 15 नीट वाचलं तर त्यात नव्वद दिवस दोनदा येतात, आणि लोक पहिल्यावरच थांबतात. पहिले नव्वद दिवस नोटिशीचे. थकलेल्या भाड्याची लेखी मागणी भाडेकरूच्या हाती पडल्यापासून ते मोजायचे. नोटिशीवरची तारीख कामाची नाही, म्हणून पोचपावती जिवापाड जपा. हे दिवस सरल्यावर मालकाला फक्त दावा लावायची मोकळीक मिळते. ताबा मिळत नाही. मग लघुवाद न्यायालयात (स्मॉल कॉजेस कोर्टात), आणि ते नसेल तिथे दिवाणी न्यायालयात, दावा दाखल होतो. समन्स भाडेकरूला पोचतं आणि दुसरे नव्वद दिवस सुरू होतात. एवढ्यात त्याने सगळी थकबाकी सालाना 15 टक्के सरळव्याजासह कोर्टात भरली, दाव्याचा निकाल लागेपर्यंत दरमहा भाडं भरत राहिला आणि कोर्ट सांगेल तो खर्च दिला, तर थकबाकीच्या कारणावर निष्कासनाचा, म्हणजे घराबाहेर काढण्याचा, हुकूम होतच नाही.

आकड्यात बघा. भाडं महिना 300 रुपये, तीन वर्षं थकलेलं. मुद्दल झाले 10,800. प्रत्येक महिन्याचं भाडं जसजसं थकत गेलं तसं व्याज धरलं तर ते अडीच हजारांच्या आतच राहतं. म्हणजे सव्वातेरा हजारांच्या आसपास भरून भाडेकरू खोली वाचवतो. तीन वर्षं फुकट राहिला म्हणून आता कोर्ट त्याला काढणारच, या खात्रीने आलेल्या मालकाला हे पटत नाही. पण कायद्याचा हेतूच तो आहे: भाडेकरू भाडं द्यायला तयार असेल तर घर राहावं. उलट, भाडेकरूनेही गाफील राहू नये. एकदा मोठी रक्कम भरली, मग मधले महिने सोडले, की हे संरक्षण हातचं जातं. ताबा खरोखर हवा असलेल्या मालकाने कलम 16 मधली कारणं, स्वतःच्या राहण्याची रास्त गरज वगैरे, वकिलाकडून आधी तपासून घ्यावीत. निव्वळ थकबाकीवर उभा केलेला दावा समोरच्याच्या पासबुकावर अवलंबून असतो.

आणि मनीऑर्डर परत पाठवून नंतर “भाडं थकवलं” म्हणणारे मालक! कलम 15 मध्ये भाडं देणाऱ्याइतकंच देण्याची तयारी असणाऱ्यालाही संरक्षण आहे. नाकारलेल्या मनीऑर्डरी तीच तयारी सिद्ध करतात. मिळालेल्या रकमेची पावती देणंही मालकावर बंधनकारक आहे.

“सहा महिने थकलं पाहिजे, मग महिन्याची नोटीस” हे अजूनही सांगितलं जातं. ते 1947 च्या मुंबई भाडे कायद्यातलं आहे. नवा कायदा 31 मार्च 2000 पासून लागू आहे. पाव शतक झालं, आता तरी ते सोडा.

परवानाधारकाकडे वळू. करारात लिहिलेली मुदत संपली आणि तो निघाला नाही, तर अर्ज सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे याच कायद्याखाली अशा अर्जांसाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, करायचा. तिथे प्रश्न मुदत संपली का एवढाच असतो, आणि लेखी करार हाच त्यातल्या मजकुराचा निर्णायक पुरावा मानला जातो. समन्स मिळाल्यापासून तीस दिवसांत परवानाधारकाने बचावाची परवानगी मागावी लागते. मुदतीनंतर राहिलेल्या काळासाठी शुल्काच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई लागते. म्हणून अशा अर्जात पानंच्या पानं थकबाकीची कहाणी लिहू नका. “मी उद्या सगळे पैसे भरतो” हे त्याचं इथे उत्तर नाही, तर तुम्ही तो विषय का काढता? थकलेल्या शुल्काची वसुली निराळी. डिपॉझिट पुरलं नाही तर त्यासाठी दिवाणी मार्ग.

मुदत चालू असतानाच शुल्क थकलं तर? कलम मुदत संपण्याबद्दल बोलतं, त्यामुळे मधेच करार रद्द केला की वादाला तोंड फुटतं. दोन-तीन महिनेच उरले असतील तर मी मुदत संपण्याची वाट पाहायला सांगते. जास्त उरले असतील तर करारातल्या रद्द करण्याच्या अटीप्रमाणे लेखी नोटीस, आणि तीही पहिला हप्ता चुकला त्याच महिन्यात, डिपॉझिट थकबाकीपेक्षा मोठं असताना. मुदत संपल्यावर “राहू दे अजून थोडे दिवस” म्हणून तोंडी चालवणं मला मुळीच मान्य नाही. नवा नोंदणीकृत करार करा, नाहीतर किल्ली घ्या.

अकरा महिने केले की नोंदणी लागत नाही, हेही महाराष्ट्रात खरं नाही. कलम 55 प्रमाणे करार कितीही महिन्यांचा असो, तो लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल तर अटींबाबत राहणाऱ्याचं म्हणणं खरं धरलं जातं, जोवर ते खोटं ठरत नाही.

दुकानाच्या गाळ्याला कलम 24 नाही, ते फक्त राहत्या जागेला. मुंबईत गाळ्याच्या परवानाधारकाविरुद्ध लघुवाद न्यायालयातच जावं लागतं.

पोलिसांना दिलेली माहिती म्हणजे ताब्याचा हुकूम नव्हे. भाडेकरूचं पाणी किंवा वीज तोडणं हा कलम 29 चा भंग आहे, तिथे भाडेकरूच मालकाला कोर्टात खेचू शकतो. कुलूप बदलून सामान जिन्यात ठेवलं, तर बाहेर काढलेला माणूस विशिष्ट अनुतोष अधिनियमाच्या कलम 6 खाली सहा महिन्यांच्या आत ताबा परत मागू शकतो, आणि त्या दाव्यात घराची मालकी कोणाची हा मुद्दा मालकाच्या उपयोगी पडत नाही.