उत्कियाग्विक ते लाँगइयरब्येन: अंतर साडेचार तासांचं, प्रवास दीड-दोन दिवसांचा

अलास्काच्या पार उत्तर टोकाला उत्कियाग्विक नावाचं गाव आहे, २०१६ पर्यंत त्याला बॅरो म्हणायचे, आणि इकडे नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर लाँगइयरब्येन. दोन्हीकडे एअरपोर्ट आहे, दोन्हीकडे जेट विमानं उतरतात. भिंतीवरचा नकाशा बघितला तर एक पार डाव्या कोपऱ्यात, दुसरं मध्यावर, मधे अख्खा कॅनडा आणि ग्रीनलंड, वाटतं केवढं लांब आहे हे!

पण घरात मुलांचा पृथ्वीगोल असेल तर त्याच्यावर या दोन गावांमधे दोरा ताणून बघा, खरंच बघा. दोरा कॅनडाकडे जातच नाही, सरळ वर चढतो, उत्तर ध्रुवाच्या साधारण ११० किमी बाजूने जातो आणि पलीकडे उतरतो. अंतर भरतं जवळपास ३,३८० किमी, म्हणजे मुंबई-दिल्लीच्या तिप्पट, बस. दोन्ही गावांच्या रेखांशांत १७२ अंशांचा फरक आहे, ती ध्रुवाच्या जवळजवळ समोरासमोर बसलीयेत म्हणा ना. विषुववृत्तावर एक रेखांश १११ किमी रुंद असतो, ७५ अक्षांशावर तोच २९ किमी राहतो, आणि सपाट नकाशा मात्र दोन्ही सारखेच दाखवतो, तिथेच आपला डोळा फसतो.

आता वेळ. जेट ताशी ८५० किमीने गेलं तर चार तास, चढण्या-उतरण्याचा अर्धा तास धरा, साडेचार. वाऱ्याने थोडं कमीजास्त होईल. घड्याळात मात्र दहा तासांचा फरक आहे, त्यामुळे दुपारी बाराला निघालेला माणूस तिकडे पोचेल रात्री अडीचला, आणि जून असेल तर त्या अडीचलाही सूर्य वरच असेल.

फक्त असं विमानच नाहीये. एका टोकाला जेमतेम पाच हजार माणसं, दुसऱ्या टोकाला त्याच्या निम्मी, रोजची फ्लाइट भरणार कोण? मग जायचं कसं तर आधी दक्षिणेला अँकरेज, तिथून सिअॅटल, मग फ्रँकफर्टसारखं युरोपातलं मोठं एअरपोर्ट, मग ऑस्लो, आणि ऑस्लोहून तीन तास परत उत्तरेला. बेरीज केली तर चौदा-पंधरा हजार किमी, नुसते हवेतले तासच वीसच्या आसपास, कनेक्शनसाठी थांबणं वेगळं.

आणि हे वीस तास वाचून मला दरवेळी १९२८ आठवतं. त्या वर्षी एप्रिलमधे ऑस्ट्रेलियन शोधप्रवासी ह्युबर्ट विल्किन्स आणि त्याचा पायलट कार्ल बेन आयलसन याच उत्कियाग्विकजवळच्या पॉइंट बॅरोहून एका इंजिनाच्या लॉकहीड व्हेगामधून निघाले, थेट स्वालबार्डला. होकायंत्रावर तिथे भरवसा ठेवता येत नाही, चुंबकीय ध्रुव जवळ असल्यामुळे सुई भलतीकडे वळते, म्हणून विल्किन्स सूर्याची उंची मोजून दिशा काढत होता आणि ती सारखी बदलावी लागत होती. ध्रुवावरून न जाता बाजूने साधारण ३,५०० किमी, आणि वेळ लागला वीस तासांच्या थोडा वर! शेवटी वादळात सापडले, एका ओसाड बेटावर विमान उतरवलं, पाच दिवस तिथेच अडकून बसले, आकाश मोकळं झाल्यावर परत उडाले आणि ग्रीन हार्बरला पोचले, लाँगइयरब्येन ज्या फियॉर्डवर (डोंगरांमधे घुसलेल्या समुद्राच्या खाडीवर) आहे त्याच्याच एका फाट्यावर.