काळा घोडा

काळा घोडा : दक्षिण मुंबईतील फोर्ट भागाच्या दक्षिण टोकाकडील कलापरिसर. रीगल चित्रपटगृहाजवळच्या चौकापासून महात्मा गांधी मार्गाने उत्तरेकडे विद्यापीठ व हुतात्मा चौकापर्यंतचा पट्टा सर्वसाधारणपणे या नावाने ओळखला जातो. पूर्वेला नौदल गोदीचे लायन गेट, पश्चिमेला ओव्हल मैदान. महानगरपालिकेच्या कागदोपत्री या नावाचा वॉर्ड किंवा पेठ नाही. ज्या पुतळ्यावरून नाव पडले तो १९६५ मध्ये येथून हलवला गेला. तरीही टॅक्सीवाल्यापासून चित्रकारापर्यंत सर्वांच्या तोंडी हेच नाव आहे.

नाव व पुतळा : इंग्लंडचा युवराज अ‍ॅल्बर्ट एडवर्ड (पुढे सातवा एडवर्ड) नोव्हेंबर १८७५ मध्ये मुंबईत आला. त्या भेटीच्या स्मरणार्थ त्याचा अश्वारूढ पुतळा शहराला भेट देण्यात आला आणि १८७९ मध्ये तो येथे उभा राहिला. शिल्पकार जोसेफ एडगर बोम (१८३४–९०) जन्माने व्हिएन्नाचा, पण कारकीर्द लंडनमधली. राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी नाण्यांवरील मुखवटाही त्याचाच.

पुतळ्याविषयीच्या लोकप्रिय लेखनात तीन चुका वारंवार आढळतात. पहिली देणगीदाराची. हा पुतळा मुंबईतील यहुदी व्यापारी डेव्हिड ससूनने दिला असे अनेक ठिकाणी छापलेले असते. परंतु डेव्हिड ससून १८६४ मध्येच निवर्तला होता आणि युवराजाची भेट त्यानंतर अकरा वर्षांनी झाली. देणगी त्याचा मुलगा अब्दुल्ला ऊर्फ सर अ‍ॅल्बर्ट ससून (१८१८–९६) याची. चौकाच्या कडेलाच वडिलांच्या नावाचे ग्रंथालय उभे असल्यामुळे ही गल्लत झाली असावी. दुसरी चूक हुद्द्याची : पुतळा घडला तेव्हा एडवर्ड युवराज होता, राजा तो १९०१ मध्ये झाला. तिसरी, आणि नावाच्या दृष्टीने महत्त्वाची, चूक माध्यमाची. पुतळा ‘काळ्या दगडाचा’ होता असे काही संदर्भांत म्हटले आहे. प्रत्यक्षात तो कांस्याचा आहे. कांस्याच्या ओतीव शिल्पावर ओतशाळेतच रसायने व उष्णता यांच्या साहाय्याने गडद झिलई चढवण्याची पद्धत त्या काळी युरोपात रूढ होती. पुढे उघड्यावरची हवा आणि धूळ यांनी ती आणखी काळवंडते. फिकट दगडी चौथऱ्यावर असे शिल्प उन्हात पाहिले, की लांबून फक्त एक काळा आकार दिसतो. ‘काळा’ हे विशेषण या दिसण्याचे आहे, दगडाचे नव्हे, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

नाव नेमके कधी रूढ झाले याविषयी सावधपणेच बोलावे लागते. पुतळा उभा राहिल्यानंतर थोड्याच वर्षांत ते बोलीत आले असावे. मुंबईच्या जुन्या स्थलनामांत असा प्रकार नवा नाही. भायखळ्याचा ‘खडा पारशी’ हे त्याचे दुसरे ठळक उदाहरण : तेथे पुतळ्याचा मानकरी शेट कर्सेटजी माणकजी, लोकांच्या नावात मात्र तो केवळ उभा असलेला पारशी. काळा घोडा त्याच्याही पुढे जातो. येथे नावातून माणूसच गळाला आहे. गावाने राजपुत्राकडे पाहिले नाही, घोड्याकडे पाहिले. या गोष्टीत एका वसाहती शहराच्या सामान्य रहिवाशांची नजर टिकून राहिली आहे आणि म्हणून हे नाव जपण्यासारखे आहे.

लेखनातही एक गोंधळ आहे. मराठीत ‘काळा’, हिंदीत ‘काला’. रोमन लिपीत मात्र ‘ळ’ हरवतो आणि तीच अक्षरे ‘कला’ अशीही वाचता येतात. गेल्या पंचवीस वर्षांत येथे कलामहोत्सव भरू लागल्यापासून ‘कला घोडा’ असे लेखन, आणि त्याला जोडून नाव कलेवरूनच पडले असा समज, तरुण वाचकांत दिसू लागला आहे. या व्युत्पत्तीला आधार नाही. मराठीत ‘काळा घोडा’ हेच लेखन योग्य.

स्वातंत्र्यानंतर शहरातील वसाहतकालीन पुतळे हटवण्याची मागणी वाढत गेली आणि १९६५ मध्ये हा पुतळाही काढण्यात आला. आज तो भायखळ्याच्या राणीच्या बागेत (वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान), डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाजवळ, इतर स्थलांतरित पुतळ्यांबरोबर आहे. मूळ चौकात मोटारी उभ्या राहू लागल्या. जानेवारी २०१७ मध्ये परिसरात नवा घोडा उभारला गेला. संकल्पना वास्तुविशारद अल्फाज मिलर यांची, शिल्प श्रीहरी भोसले यांचे. या घोड्यावर स्वार नाही. लोकांनी नावातून जो स्वार कधीच उतरवला होता, तो आता शिल्पातूनही उतरला.

स्थळाची घडण : मुंबईच्या किल्ल्याची तटबंदी १८६० नंतरच्या दशकात, गव्हर्नर बार्टल फ्रिअरच्या कारकीर्दीत पाडण्यात आली. तटाच्या रेषेची आठवण ‘रॅम्पार्ट रो’ या रस्त्याच्या नावात उरली (आताचा के. दुभाष मार्ग). मोकळ्या झालेल्या जागेवर कापसाच्या तेजीतून आलेल्या पैशाने सार्वजनिक इमारती उभ्या राहिल्या. डेव्हिड ससून ग्रंथालयाचे मूळ १८४७ मध्ये टांकसाळ व गोदीतील तरुण यंत्रज्ञांनी सुरू केलेल्या वाचनसंस्थेत आहे. मालाडच्या पिवळसर दगडातील सध्याची इमारत १८७० मध्ये पूर्ण झाली. आतील ससूनचा संगमरवरी पुतळा टॉमस वुलनरचा. शेजारच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीत (१८८८) राज्याचे पुराभिलेखागारही आहे. वॉटसन हॉटेलच्या (आताचे एस्प्लनेड मॅन्शन) ओतीव लोखंडी सांगाड्यात ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिएर बंधूंच्या चलच्चित्रांचा भारतातील पहिला खेळ झाला. केनेसेथ एलियाहू सिनेगॉग (यहुदी प्रार्थनागृह, १८८४) याच परिसरात असून त्याचे जतनकाम २०१९ मध्ये पूर्ण झाले.

दक्षिणेकडील प्रिन्स ऑफ वेल्स संग्रहालय, आताचे छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालय, जॉर्ज विटेटच्या आराखड्यानुसार बांधले गेले. कोनशिला ११ नोव्हेंबर १९०५ रोजी बसवली. जनतेसाठी ते १९२२ मध्ये खुले झाले. समोरच्या कावसजी जहांगीर सभागृहात (१९११) १९९६ पासून राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाचे मुंबई केंद्र आहे. एका गोल सभागृहाचे अनेक मजली दालन करताना चित्रांसाठी सरळ भिंती फार थोड्या मिळाल्या, ही अडचण तेथे प्रदर्शन मांडणाऱ्याला अजूनही जाणवते. या इमारतींच्या देणगीदारांची नावे पाहिली तर ती मुख्यतः दोन घराण्यांची निघतात : बगदादहून आलेले यहुदी ससून आणि पारशी जहांगीर.

चित्रकार : सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळा (१८५७) येथून चालण्याच्या अंतरावर, बोरीबंदरापलीकडे आहे. शाळा तिकडे आणि प्रदर्शन इकडे अशी विभागणी बॉम्बे आर्ट सोसायटीच्या (१८८८) काळापासून हळूहळू होत गेली. सोसायटीच्या वार्षिक प्रदर्शनातील पदक हा कित्येक दशके मराठी चित्रकाराच्या कारकिर्दीचा पहिला दाखला होता. महादेव विश्वनाथ धुरंधरांपासून कोकण किनाऱ्याची जलरंगातील समुद्रचित्रे करणाऱ्या प्रल्हाद अनंत धोंडांपर्यंत अनेकांचा या वर्तुळाशी संबंध आला.

प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप या आधुनिक चित्रकारांच्या गटाची स्थापना १९४७ ची मानतात. फ्रान्सिस न्यूटन सूझा, सय्यद हैदर रझा, मकबूल फिदा हुसेन, कृष्णाजी हौळाजी आरा, हरी अंबादास गाडे आणि शिल्पकार सदानंद बाक्रे हे सहा जण मूळचे. स्वातंत्र्याच्या वर्षाशी सांगड घालून गटाची कथा सांगण्याचा मोह बहुतेक लेखकांना होतो. तथापि गटाचे काम मुंबईच्या प्रेक्षकांसमोर ठळकपणे आले ते जुलै १९४९ मध्ये, रॅम्पार्ट रोवरील बॉम्बे आर्ट सोसायटीच्या दालनात. उद्‌घाटन मुल्कराज आनंद यांनी केले. त्याच वर्षी सूझा लंडनला आणि पुढच्या वर्षी रझा फ्रान्सला गेले. म्हणजे मूळ गट एकत्र असा फार थोडा काळ होता, आणि त्याचा जो दरारा आज सांगितला जातो तो बराचसा नंतर, सदस्यांच्या स्वतंत्र कीर्तीतून मागे पसरलेला आहे. गटाने ‘बॉम्बे स्कूल’शी, म्हणजे जे.जे. कलाशाळेभोवती घडलेल्या जुन्या चित्रपरंपरेशी, संबंध पूर्ण तोडला हे मतही जसेच्या तसे घेता येत नाही. सूझा आणि बाक्रे जे.जे.चेच विद्यार्थी, प्रदर्शनाची जागाही ज्या जुन्या सोसायटीविरुद्ध बंड सांगितले जाते, तिचीच.

गटाला युरोपातून नाझींमुळे परागंदा झालेल्या तिघांचा आधार मिळाला : चित्रकार वॉल्टर लँगहॅमर, समीक्षक रूडॉल्फ फॉन लायडन आणि संग्राहक इमॅन्युएल श्लेसिंगर. हुसेन सिनेमाची भव्य फलकचित्रे रंगवत आले होते, आरांनी घरकाम आणि मोटारी धुण्याची कामे केली होती. अशांची चित्रे विकत घेणारे, त्यावर इंग्रजी वृत्तपत्रांत लिहिणारे आणि प्रदर्शनाला जागा देणारे एकाच रस्त्यावर भेटत. काळा घोड्याचे कलेच्या इतिहासातील स्थान मुख्यतः या जवळिकीमुळे आहे.

जहांगीर कलादालन : चित्रकार कृष्ण हेब्बर आणि शास्त्रज्ञ होमी भाभा यांच्या आग्रहावरून सर कावसजी जहांगीर यांनी आपल्या दिवंगत मुलाच्या स्मरणार्थ हे दालन बांधून दिले. संग्रहालयाच्या आवाराच्या कडेची जागा मिळाली आणि १९५२ मध्ये ते सुरू झाले. वास्तुरचनेचे श्रेय काही ठिकाणी जी. एम. भुता यांच्या संस्थेला, तर बहुतेक ठिकाणी दुर्गा बाजपेयी यांना दिले जाते. दुसरे मत येथे स्वीकारले आहे. प्रवेशद्वारावरील सलोह काँक्रीटचा लाटेसारखा वळणारा, पुढे झेपावलेला छज्जा त्या काळी शहरात नवलाचा होता. भोवतालच्या कमानी आणि घुमटांत तो आजही उपरा वाटत नाही.

दालन भाड्याने मिळते, प्रवेश विनामूल्य असतो आणि प्रदर्शन मंगळवार ते सोमवार असे आठवडाभर चालते. या साध्या नियमाने मुंबईच्या चित्रकलेला कोणत्याही घोषणापत्रापेक्षा अधिक घडवले आहे. चित्रकाराला आपल्या पाळीसाठी काही वर्षे थांबावे लागते. सांगली, अमरावती किंवा गोव्याहून आलेला चित्रकार त्या सात दिवसांसाठी वर्षभर रंगवतो. सोमवारी संध्याकाळी दालन बंद झाले की चित्रे खिळ्यांवरून उतरतात, जुन्या चादरी आणि वर्तमानपत्रे त्यांच्या मध्ये जातात, सुतळी आवळली जाते. बाहेर टेम्पो उभा असतो आणि त्यातून पुढच्याची चित्रे उतरत असतात. गेलेला आणि येणारा असे दोघेही काही वेळ त्या एकाच रिकाम्या भिंतीसमोर उभे असतात, एक हिशेब करत आणि एक अंतर मोजत. कलाशाळांतून नुकतेच बाहेर पडलेल्यांसाठी दालन पावसाळ्यात स्वतंत्र प्रदर्शन भरवते.

इमारतीच्या पहिल्या मजल्यावर १९६३ पासून २००७ पर्यंत केकू व खोर्शेद गांधी यांची केमोल्ड गॅलरी होती. तिचे मूळ चित्रांच्या चौकटी बनवण्याच्या धंद्यात आहे. तळमजल्यावरील ‘समोवार’ (१९६४–२०१५) हे रेल्वेच्या डब्यासारखे लांबट उपाहारगृह. एका चहावर दुपार काढू देणारी जागा गेली, ही हानी दालनाइतकीच मोठी मानली पाहिजे. चौकातील ‘वेसाइड इन’ही आता नाही. जे.जे.त शिकलेले आणि जाहिरात क्षेत्रात कलादिग्दर्शक म्हणून काम केलेले कवी अरुण कोलटकर तेथे दर गुरुवारी मित्रांसह बसत. खिडकीतून दिसणाऱ्या या चौकावरचा त्यांचा इंग्रजी कवितासंग्रह २००४ मध्ये प्रकाशित झाला.

महोत्सव : परिसरातील संस्था, व्यावसायिक व वास्तुविशारद यांनी १९९८ मध्ये काळा घोडा असोसिएशन स्थापन केले, १९९९ पासून जानेवारी–फेब्रुवारीच्या सुमारास महोत्सव भरतो; हल्ली तो नऊ दिवसांचा असतो. उद्देश इमारतींच्या जतनासाठी निधी व लोकांचे लक्ष मिळवणे हा होता. दुभाष मार्ग वाहनांना बंद होतो, रस्त्यावर मांडणशिल्पे येतात, ससून ग्रंथालयाच्या मागच्या बागेत साहित्यविषयक कार्यक्रम होतात. महोत्सवामुळे हा भाग कलापरिसर झाला असे प्रचारसाहित्यातून सूचित होते. क्रम उलटा आहे. २०१८ मध्ये युनेस्कोने मुंबईतील व्हिक्टोरियन गॉथिक व आर्ट डेको वास्तुसमूहाला जागतिक वारसास्थळाचा दर्जा दिला. त्यात या परिसरातील प्रमुख इमारती येतात.

पदपथ : जहांगीरला लागून असलेल्या पदपथावर, ज्यांना दालनाचे भाडे परवडत नाही किंवा पाळी आलेली नाही, असे चित्रकार कुंपणाला चित्रे टांगून बसतात. गणपती, बनारसचे घाट, पावसातली बेस्ट बस हे विषय खपतात. काही जण समोर बसवून कोळशात व्यक्तिचित्र काढतात : आधी नाकाची रेघ, मग डोळ्यांच्या खोबणी, केस सर्वांत शेवटी आणि अंगठ्याने घासून. भोवती घोळका जमतो आणि कागदावरचा चेहरा व बसलेल्याचा चेहरा यांची तुलना मोठ्याने करतो. संदर्भग्रंथांत या चित्रकारांची नावे नाहीत. त्यांच्यातील अनेकांनी कलाशाळेची पदविका घेतलेली असते, आणि काहींनी पुढे आतल्या दालनात आपला आठवडा मिळवला आहे. जूनमध्ये पहिल्या सरी आल्या की प्लास्टिकची ताडपत्री कुंपणाला बांधली जाते आणि जलरंग आधी आत सरकवले जातात.