रॉडवर बसलेला हात आर्गनला अडतो का?

टंगस्टनच्या काडीतून आर्क (विजेचा झोत) काढून आर्गन गॅसखाली जोड करायचा, याला टिग वेल्डिंग म्हणतात, पण आमच्याकडे टिग असं कोणी म्हणत नाही, आर्गन वेल्डिंगच म्हणतात. मी ९ वर्षं रॉडने वेल्डिंग केलंय, गेट, ग्रिल, शेडचे ट्रस, त्यामुळे वाटलेलं की महिन्याभरात जमेल, पण पहिल्याच दिवशी टॉर्चच्या (हातात धरायच्या दांड्याच्या) टोकाचा टंगस्टन सतत वितळलेल्या लोखंडात बुडायला लागला आणि कारण काही कळेना.

कारण असं आहे की रॉड एकटाच तीन कामं करतो. आर्क त्याच्याच टोकातून निघतो, जोडाला लागणारा धातू तोच देतो, आणि वरचं फ्लक्स (रॉडवरचा लेप) जळून जो गॅस आणि स्लॅग (वर जमणारी खपली) होतो तो गरम धातूला हवेपासून झाकतो. टिगमध्ये ही कामं वाटून दिलीत: उष्णता टंगस्टनकडून, धातू दुसऱ्या हातातल्या फिलर तारेमधून, झाकण आर्गनचं. आता बघा, रॉड जळत जातो तसा तो आखूड होतो, म्हणून वेल्डरचा हात न सांगता खाली सरकत राहतो. टंगस्टन वितळतो ३४२२ अंश सेल्सिअसला, स्टील साधारण १५०० ला, म्हणजे टंगस्टन तसाच राहतो आणि हात मात्र सवयीने खाली जातो! हे लक्षात आल्यावर मी आर्क न लावता नुसता टॉर्च २-३ मिमी वर धरून पट्टीवरून फिरवायची प्रॅक्टिस केली, तिथून फरक पडला.

टंगस्टन बुडला की टोकाला स्टीलचा गोळा चिकटतो आणि आर्क वाकडातिकडा पळतो, मग परत ग्राइंडिंग. घासताना रेषा लांबीच्या दिशेनेच यायला हव्यात, आडव्या आल्या तरी आर्क भरकटतो. आणि लाल पट्टीच्या टंगस्टनमध्ये थोरियम असतं, ते किरणोत्सर्गी आहे, त्याची धूळ नाकात जाऊ देऊ नका, मी लँथेनमवालाच घेतो.

आर्गन हवेपेक्षा जवळपास १.४ पट जड, कशाशीच संयोग पावत नाही. मिनिटाला ७-८ लिटर मला पुरतो. जास्त सोडला तर चांगलं असं वाटतं पण तसं नाही, जोरात सोडलेला गॅस घुसळतो आणि बाजूची हवा आत ओढतो. एकदा शेजारचा टेबल फॅन चालू राहिला आणि बीडला (वेल्डच्या रेघेला) चाळणीसारखी भोकं पडली. रॉडच्या कामात जोडावर थोडा गंज, थोडं ऑइल चालून जातं, इथे फ्लक्सच नाही त्यामुळे सगळी घाण बीडमध्ये दिसते.

एसएस (स्टेनलेस स्टील) पाइपला तर मागूनही आर्गन भरावा लागतो. नाहीतर आतल्या बाजूचं क्रोमियम जळून खरखरीत साखरेसारखा थर येतो, आणि डेअरीच्या पाइपात अशा जागी दूध अडकून जंतू वाढतात, म्हणून मी हे काम कधीच टाळत नाही.

जुनं सगळंच वाया जात नाही हं. वितळलेल्या धातूचं तळं वाचायची नजर तीच, करंट स्थिर ठेवणारं मशीनही तसंच, आर्क लांबला की तळं पसरतं हेही तेच. गॅस वेल्डिंगवाले मात्र आमच्यापेक्षा लवकर शिकतात, कारण एका हातात ज्योत आणि दुसऱ्यात तार हे त्यांच्या अंगवळणी पडलेलं असतं.

माझी सगळ्यात उशिरा गेलेली सवय म्हणजे आर्क तुटला की हात झटकन उचलणं. ८० अँपिअरला मी गॅस नंतर ८ सेकंद चालू ठेवतो आणि टॉर्च तिथेच धरतो, लाल झालेलं टोक आणि शेवटचा खड्डा दोन्ही आर्गनखालीच थंड होतात, टंगस्टन चांदीसारखा राहतो. आधी उचलला तर तो निळा-काळा पडतो.