हत्तीरोगाच्या जंतावर डॉक्सीसायक्लिन: मागची गोष्ट

पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून चालून आलात तर लेप्टो होऊ नये म्हणून जी गोळी सुचवतात, ती डॉक्सीसायक्लिन. मुरुमांवरही तीच देतात. गोळी जुनी, स्वस्त आणि जिवाणूंवर चालणारी. हत्तीरोग मात्र जिवाणूंमुळे होत नाही. तो लसिकावाहिन्यांत ठाण मांडून बसणाऱ्या दोऱ्यासारख्या जंतामुळे होतो, आणि जंताला अँटिबायोटिकने काही होत नाही हे आजही शिकवलं जातं. मग ही गोळी हत्तीरोगाच्या रुग्णांना देऊन बघावी असं कुणाला का वाटलं?

आधी अडचण काय होती ते पाहू. डास चावला की जंताच्या अळ्या शरीरात शिरतात, त्यांचे प्रौढ जंत होतात आणि मादी लाखो सूक्ष्म पिल्लं रक्तात सोडत राहते. ती रात्री रक्तात उतरतात. विदर्भातल्या गावांत आरोग्य कर्मचारी रात्री रक्ताचे नमुने घ्यायला येतात ते त्यामुळेच. 1947पासून वापरात असलेलं डीईसी हे औषध पिल्लांना झपाट्याने मारतं, पण प्रौढ जंतांपैकी बरेच त्यातून वाचतात. प्रौढ जंत काही वर्षं जगतो आणि पिल्लं सोडतच राहतो. म्हणून मोहिमेत दर वर्षी गोळ्या वाटाव्या लागतात. मूळ शत्रू हाताला लागत नाही, ही तक्रार जुनीच.

दुसरा धागा आहे डासाचा. 1924 मध्ये अमेरिकेत हर्टिग आणि वोल्बाक यांना क्युलेक्स डासाच्या पेशींत राहणारा एक जिवाणू दिसला. पुढे त्याला वोल्बाकिया हे नाव मिळालं. 1970च्या दशकात फायलेरियाचे, म्हणजे हत्तीरोगाच्या जंताच्या गटातले, जंत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली गेले, तेव्हा त्यांच्याही पेशींत जिवाणूसारखे ठिपके दिसले. शास्त्रज्ञांनी ते छापलं, चित्रंही दिली, आणि त्यानंतर जवळजवळ वीस वर्षं कुणी फारसं लक्ष दिलं नाही. माझ्या मते या सगळ्या इतिहासातली सर्वांत बोलकी गोष्ट हीच. पुरावा समोर होता, पण जंतांचे अभ्यासक आणि जिवाणूंचे अभ्यासक वेगवेगळ्या खोल्यांत बसत होते.

1993 मध्ये अमेरिकी संशोधकांनी जर्ड नावाच्या उंदरासारख्या प्राण्यांना डॉक्सीसायक्लिनच्याच कुळातलं टेट्रासायक्लिन दिलं आणि ब्रुगिया या फायलेरिया जंताची लागण रोखली गेल्याचं नोंदवलं. 1995 मध्ये इटलीत कुत्र्यांच्या हृदयात राहणाऱ्या जंतातले जिवाणू डीएनएवरून ओळखले गेले. ते वोल्बाकियाचेच भाऊबंद निघाले.

निर्णायक प्रयोग 1999चा. हॅम्बुर्गच्या आखिम होएराउफ आणि सहकाऱ्यांनी प्राण्यांमधल्या फायलेरिया जंतावर टेट्रासायक्लिन चालवलं. जंताची वाढ खुंटली, मादी वांझ झाली. पण औषध थेट जंतालाच बाधत असेल तर? म्हणून ज्या जातीत मुळातच वोल्बाकिया नाही, अशा जंतावरही तेच औषध चालवून पाहिलं. त्याला काहीच झालं नाही. म्हणजे औषध जिवाणूला मारतं आणि जिवाणूवाचून जंताचं चालत नाही. 2005 मध्ये ब्रुगियातल्या वोल्बाकियाचा जनुकसंच वाचला गेला, तेव्हा त्यामागचं एक संभाव्य कारणही पुढे आलं: हीम (हिमोग्लोबिनमधला लोहयुक्त भाग) आणि रायबोफ्लेविन (ब-2 जीवनसत्त्व) बनवण्याची जनुकं या जिवाणूकडे आहेत, ते पदार्थ तोच जंताला पुरवत असावा.

माणसावरची पहिली महत्त्वाची चाचणी घानामध्ये झाली, तीही हत्तीरोगावर नव्हे. काळ्या माशीमुळे पसरणाऱ्या आणि दृष्टी घालवणाऱ्या ऑन्कोसर्कायसिस या जंतरोगावर ती होती. रुग्णांना सहा आठवडे रोज 100 मिलिग्रॅम डॉक्सीसायक्लिन दिलं आणि नंतर त्वचेखालच्या गाठी काढून तपासल्या. मादीच्या पोटात पिल्लं तयार होणं थांबलं होतं. हे 2000 साली प्रसिद्ध झालं.

हत्तीरोगाची पाळी आली टांझानियात. तिथल्या 72 पुरुषांना आठ आठवडे रोज 200 मिलिग्रॅम डॉक्सीसायक्लिन किंवा दिसायला तशीच औषधविरहित गोळी देण्यात आली. प्रौढ जंत जिवंत आहे का, हे कळतं सोनोग्राफीवर: अंडकोशाच्या लसिकावाहिन्यांत वळवळणारा जंत पडद्यावर दिसतो. डॉक्टर त्याला चक्क ‘फायलेरिया डान्स’ म्हणतात. चौदा महिन्यांनी हा नाच औषध घेतलेल्यांपैकी 22 टक्क्यांमध्ये उरला होता, तर औषधविरहित गोळी घेतलेल्यांपैकी 88 टक्क्यांमध्ये. प्रौढ जंत मारता येतो, हे 2005 सालच्या या निकालातून दिसलं.

जंत हळूहळू मरतात, त्यामुळे डीईसीनंतर येणारा ताप आणि अंगदुखी इथे कमी. मध्य आफ्रिकेत लोआ लोआ हा आणखी एक जंत आहे. तो अंगात भरपूर असताना ऑन्कोसर्कायसिसवरचं आयव्हरमेक्टिन हे औषध दिलं तर मेंदूवर गंभीर परिणाम होऊ शकतो. लोआत वोल्बाकिया नसतो, म्हणून डॉक्सीसायक्लिन त्याला डिवचत नाही. तिथल्या डॉक्टरांना हा पर्याय फार मोलाचा.

अडतं ते गोळी किती दिवस घ्यायची यावर. 2018-19 मध्ये नागपूरसह देशातल्या मोजक्या जिल्ह्यांत आयव्हरमेक्टिन, डीईसी आणि अल्बेंडाझोल असा तिहेरी डोस सुरू झाला. कर्मचाऱ्यासमोर एकदाच गिळायचा, की वर्षभर मोकळे. त्याऐवजी चार ते सहा आठवडे रोज गोळी, तीही गरोदर बायका आणि आठ वर्षांखालची मुलं वगळून, हे गावभर कोण राबवणार? लिव्हरपूलच्या पुढाकाराने 2007 पासून ए-वोल हा संशोधनगट याच एका प्रश्नामागे लागला: वोल्बाकियाला सहा आठवड्यांऐवजी आठवड्याभरात मारणारं औषध. मोठ्या मात्रेतलं रिफॅम्पिसिन, मिनोसायक्लिन ही अँटिबायोटिकं आणि काही नवे रेणू त्यांनी तपासायला घेतले.