राग गिळणं वेगळं, राग आवरणं वेगळं

कंपन्यांच्या प्रशिक्षणात ‘भावनांवर ताबा ठेवा’ असं सांगतात आणि ऐकणारा त्याचा अर्थ ‘तोंडातून चकार शब्द काढू नका’ असा घेतो. शिकवणाराही बऱ्याचदा तोच अर्थ धरून आलेला असतो. ताबा, नियंत्रण, नियमन, व्यवस्थापन, शब्द कुठलाही वापरा, त्यावरून वाद घालण्यात हशील नाही. खरी गल्लत गिळणं आणि आवरणं यांत होते, आणि तिची किंमत कर्मचाऱ्याच्या झोपेतून वसूल होते.

गिळणं नव्यानं समजावून सांगायला नको. दादरच्या बँकेतला काउंटर, महिन्याची पहिली तारीख, रांगेतला माणूस ओरडतो, “पगार कसला घेता तुम्ही?” तुम्ही “सर, दोन मिनिटं” म्हणता. चेहरा शांत, पोटात आग.

आवरणारा माणूसही बाहेरून असाच शांत दिसतो, म्हणून साहेबाला फरक कळत नाही आणि पुष्कळदा स्वतःलाही कळत नाही. फरक हात कुठे घातला याचा आहे. गिळताना राग आत पूर्ण तयार झालेला असतो आणि आपण फक्त चेहरा धरून ठेवतो. आवरताना समोरच्या प्रसंगाचा आपण लावलेला अर्थच बदलतो, तोही राग पुरता चढायच्या आधी. जेम्स ग्रॉस या मानसशास्त्रज्ञानं 1998 साली हे प्रयोगात तपासलं. बघवणार नाहीत अशा शस्त्रक्रियांच्या फिती दाखवून एका गटाला चेहऱ्यावर काही दिसू देऊ नका असं सांगितलं, दुसऱ्याला वैद्यकीय नजरेनं, अलिप्तपणे बघा असं सांगितलं. चेहरे दोन्ही गटांचे आवरलेले दिसले. पण आतली किळस फक्त दुसऱ्या गटाची कमी झाली. पहिल्या गटाची किळस तेवढीच राहिली आणि वर शरीरावरचा ताण वाढला. चेहरा धरून ठेवण्यात लक्षही खर्च होतं, त्यामुळे समोरचा काय बोलला हे नीट लक्षात राहत नाही. भांडखोर ग्राहकाच्या फॉर्मवर खाते क्रमांक चुकतो तो असा.

विमानातल्या हवाई सुंदरींच्या कामावरून अर्ली होशचाइल्ड या समाजशास्त्रज्ञ बाईंनी 1983 साली ‘भावनिक श्रम’ ही कल्पना मांडली. वरवरचं हसू आणि आतून आणलेलं हसू हा भेद त्यांनीच केला. दिवसभर वरवरचं हसणाऱ्यांत थकवा आणि कामाचा वीट जास्त आढळतो, हे पुढच्या अनेक अभ्यासांत दिसलं.

आता सगळ्यात चिकट गैरसमज: गिळायचं नाही म्हणजे ओकायचं. ‘मन मोकळं कर, चार शिव्या घाल’ हा सल्ला देणं बंद करा. 2002 सालच्या ब्रॅड बुशमन यांच्या प्रयोगात, चिडवणाऱ्या माणसाचा विचार करत पंचिंग बॅगवर ठोसे मारणारे, नुसते गप्प बसलेल्यांपेक्षा जास्त चिडलेले निघाले. दादरपासून डोंबिवलीपर्यंत लोकलमध्ये तोच प्रसंग चौथ्यांदा रंगवून सांगणं म्हणजे ठोसेच मारणं. एकदा सांगा, ऐकणाऱ्याला ‘मग उद्या काय करशील?’ असं विचारू द्या.

आवरायचं कसं? पुढचं टोकन पुकारण्याआधी एक श्वास, सोडताना घेण्यापेक्षा लांब. मग भावनेला नेमका शब्द द्या: राग आला, अपमान वाटला, की चूक होईल याची भीती वाटली? अपमानाला राग म्हटलंत तर पुढचा उपाय चुकतो. मग प्रश्न बदला. ‘हा मला का बोलला?’ याऐवजी ‘याचं काय अडकलंय?’ बहुधा पेन्शन जमा झालेली नसते. इथे दोन चुका होतात. ‘काही झालंच नाही’ असं स्वतःला सांगणं हा अर्थ बदलणं नव्हे, ते पुन्हा गिळणंच. आणि डोकं आधीच तापलं असेल तर अर्थ बदलायला जाऊ नका, तेव्हा ते जमत नाही. शेजारच्याला काउंटर सांभाळायला सांगा, पाणी प्या, पाच मिनिटांनी परत या. ही पाच मिनिटं मागण्याला कमकुवतपणा समजणारे साहेब चुकतात, आणि हे त्यांना स्पष्ट सांगायला हवं.

एक मर्यादा ठासून सांगतो. रोज शिवीगाळ करणारा वरिष्ठ, तिघांचं काम एकाच्या माथी, याला आवरणं हा उपाय नाही. तिथे अर्थ बदलत बसलात तर दोष स्वतःकडे घ्याल. तिथे तारीख-वेळ लिहून ठेवा आणि लेखी तक्रार करा. आणि दोन आठवडे जवळजवळ रोज मन उदास राहिलं, कशातच रस वाटेनासा झाला, झोप-भूक बिघडली, तर वाट पाहू नका. केईएम, नायर, सायन या पालिका रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत. टेली-मानसची 14416 ही सरकारी हेल्पलाइन रात्रंदिवस चालू असते, फुकट आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.