टेकडी, रस्ता आणि शिक्के

वेताळ टेकडीवरून न्यायच्या बालभारती ते पौड फाटा रस्त्याचा विषय निघाला की पुण्यात पाच मिनिटांत मुद्दा बाजूला पडतो. रस्ता नको म्हणलं की तुम्ही विकासविरोधी, हवा म्हणलं की बिल्डरची माणसं. लॉ कॉलेज रोडच्या ट्रॅफिकला वैतागलेला आणि वेताळ टेकडीवर रोज फिरायला जाणारा माणूस बऱ्याचदा एकच असतो, पण वाद पेटला की त्याला एक शिक्का घ्यावाच लागतो.

मानसशास्त्रज्ञ हेन्री ताजफेल यांचा प्रयोग इथे आठवतो. पोलंडमधल्या ज्यू घरातला माणूस, दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या कैदेत होता, सुटून आला तेव्हा घरचे जवळपास सगळे मारले गेलेले. माणसं एकमेकांना परकं का ठरवतात हा प्रश्न त्यांनी पुढे आयुष्यभर धरून ठेवला. १९७० च्या सुमाराला ब्रिस्टलमधे त्यांनी १४-१५ वर्षांच्या शाळकरी मुलांना सांगितलं की तुला या चित्रकाराची चित्रं आवडली म्हणून तू या गटात, प्रत्यक्षात गट चिठ्ठ्या टाकल्यासारखे कसेही पाडलेले. मग दुसऱ्या मुलांना पैसे वाटायला सांगितले, स्वतःला त्यातून काहीच मिळणार नव्हतं. मुलांनी आपल्या गटाला जास्त दिले हे एकवेळ समजू शकतं, पण बऱ्याच वेळा आपल्या गटाला थोडे कमी मिळाले तरी चालतील पण समोरच्यांपेक्षा फरक मोठा दिसला पाहिजे असे पर्याय त्यांनी निवडले! कसली भीती नाही, जुनं भांडण नाही, नुसतं नाव पुरलं.

अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ जेफ्री कोहेन यांनी २००३ मधे दाखवलं की सरकारी मदतीची योजना आपल्या पक्षाची आहे असं कळलं की लोक तिला पाठिंबा देतात, मग ती आपल्या विचारांच्या उलट का असेना, आणि वर विचारलं तर सांगतात की आम्ही फक्त योजनेतले मुद्दे बघितले. मला हे सगळ्यात काळजीचं वाटतं, कारण शिक्क्याचा परिणाम झालेला आपल्यालाच दिसत नाही.

समोरच्याची भीती येते ती इथून. २०१९ च्या एका अमेरिकन पाहणीत दोन्ही पक्षांच्या लोकांना समोरच्यांमधे टोकाची मतं असणारे किती असं विचारलं तर त्यांनी खऱ्यापेक्षा जवळपास दुप्पट सांगितले. म्हणजे आपण ज्याला घाबरतो तो समोरचा बराचसा आपल्या मनातच असतो. त्यात राजकारणाकडे फारसं लक्ष नसलेल्यांचे अंदाज जास्त बरोबर निघाले.

यावर काही चालतं का? तर हो. २०१६ मधे प्रसिद्ध झालेल्या मायामीतल्या प्रयोगात स्वयंसेवक घरोघरी गेले, ट्रान्सजेंडर लोकांबद्दल साधारण दहा मिनिटं बोलले, वाद न घालता समोरच्याला त्याचा स्वतःचा अनुभव विचारला, आणि त्यामुळे कमी झालेला पूर्वग्रह तीन महिन्यांनीही कमीच होता. टेकडीच्या बाबतीत दोन्ही बाजूंनी हे करून बघावं असं मला मनापासून वाटतं, सुरुवात एवढीच की तुम्ही रोज कुठून जाता आणि टेकडीवर शेवटचं कधी गेला होता.